बिनरंगी वर्णलेखन

यंदा जानेवारीत आमच्या रसायनशास्त्र विभागातील एक सहकारी मराठी विभागाच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, एक शब्द पाहिजे होता." मराठीच्या अध्यापकाकडे लोक सहसा शब्द मागायला येत नाहीत. निमंत्रणपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासून घ्यायला येतात, सूत्रसंचालन करा म्हणून येतात, सेवानिवृत्तांचे मानपत्र लिहून मागतात. शब्दच हवा असलेला माणूस फार दिवसांनी भेटला, म्हणून मी त्यांना बसवून घेतले आणि चहा सांगितला. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनासाठी त्यांना मराठीतून भित्तिपत्रके करायची होती. रामन यांनी १९२८ साली त्या तारखेला लावलेला शोध प्रकाशाच्या विखुरण्याविषयीचा. तेव्हा विषय तोच घ्यायचा आणि आकाशाच्या निळाईपासून सुरुवात करून औषधांच्या प्रयोगशाळेतील एका यंत्रापर्यंत यायचे, असा त्यांचा बेत होता. यंत्राचे नाव त्यांनी कागदावर लिहून दिले : इव्हॅपोरेटिव्ह लाइट स्कॅटरिंग डिटेक्टर. लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या शेवटी ते जोडलेले असते. "एवढं मराठीत काय म्हणायचं, ते सांगा," म्हणून ते चहा पिऊन निघून गेले.

पहिली अडचण क्रोमॅटोग्राफीचीच. शाळेच्या पाठ्यपुस्तकांनी तिला 'रंजकद्रव्य पृथक्करण पद्धती' असे नाव दिले आहे आणि मराठी विश्वकोशाने 'वर्णलेखन'. दुसरा शब्द आटोपशीर आणि मुळाला धरून आहे. ग्रीक 'क्रोमा' म्हणजे रंग, आणि 'ग्राफी' म्हणजे लेखन. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने काचेच्या नळीत खडूची पूड दाबून भरली, वरून हिरव्या पानांचा अर्क ओतला आणि पुडीतून खाली झिरपताना त्या एका हिरव्या रंगाचे हिरवे-पिवळे असे निरनिराळे पट्टे झालेले त्याला दिसले. १९०६ साली त्याने या रीतीला हे नाव दिले. गंमत अशी की रशियन भाषेत 'त्स्वेत' या शब्दाचाच अर्थ रंग असा होतो. त्याने आपलेच आडनाव ग्रीक करून ठेवले की काय, अशी शंका घेणारे घेतात. आता मराठीच्या विद्यार्थ्यापुढे 'वर्णलेखन' हा शब्द ठेवून पाहा. तो म्हणेल, अक्षरे गिरवणे. वर्ण म्हणजे रंग हे त्याला दुसऱ्यांदा आठवेल. तिसरा अर्थ तर सांगायलाच नको. त्या अर्थाने आपल्याकडे पृथक्करण दोन हजार वर्षे विनायंत्र चालूच होते.

'स्कॅटरिंग'चा घोळ आणखी निराळा. मराठी पाठ्यपुस्तकात प्रकाशाचे 'विकिरण' असा शब्द आहे आणि उष्णता जी पोकळीतूनही येते तिला 'प्रारण'. हिंदीत मात्र प्रारणालाच विकिरण म्हणतात आणि विखुरण्याला 'प्रकीर्णन'. आमची मुले स्पर्धापरीक्षेची पुस्तके हिंदीतली वाचतात आणि कॉलेजची टिपणे मराठीतली, त्यामुळे त्यांच्या डोक्यात हे तिन्ही शब्द एकमेकांत विरघळलेले असतात. रघुनाथपंत हणमंत्यांच्या राज्यव्यवहारकोशापासून १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयापर्यंत आपल्याकडे परिभाषा घडवणाऱ्यांची परंपरा मोठी आहे, आणि तिच्याविषयी मला आदरही आहे. पण शेजारच्या दोन भाषांनी एकाच संस्कृत शब्दाला दोन वेगवेगळ्या कामांवर जुंपावे, याला काय म्हणावे? मी कागदावर 'विखुरण' असे लिहिले. पेरणीच्या वेळी बी विखुरते, जत्रेत माणसे विखुरतात, तसा उजेड विखुरतो. सहकाऱ्यांना शब्द आवडला. "पण शास्त्रीय वाटत नाही हो," असेही ते म्हणाले. शास्त्रीय वाटण्यासाठी शब्द थोडा न कळणारा असावा लागतो, हे मला मराठी समीक्षेमुळे ठाऊक होतेच.

यंत्र कसे चालते ते त्यांनी समजावून सांगितले तेव्हा मला आजोळचे माळवदाचे घर आठवले. मातीच्या जाड भिंती, आत दुपारीही अंधार, आणि धाब्याला उजेडासाठी ठेवलेले एक भोक. त्यातून उन्हाचा कवडसा तिरपा खाली यायचा. आजी केर काढायला लागली की त्या कवडशात धुळीचे कण नाचताना दिसत. कवडशाच्या बाहेर तीच धूळ दिसत नसे. हवा तीच, धूळ तीच, डोळाही तोच. जॉन टिंडलने १८६०च्या दशकात लंडनमध्ये हाच कवडसा काचेच्या नळीत पकडला आणि हवेतली धूळ मोजायला घेतली. आपल्याकडच्या वैशेषिकांनी तर या कणाला नावही दिले होते : त्रसरेणू. झरोक्यातून आलेल्या उन्हात दिसतो तो, डोळ्याला दिसू शकणारा सर्वांत लहान कण. मनुस्मृतीत वजनमापांची सुरुवात याच कणापासून होते. सोन्याचांदीच्या तोलाचे कोष्टक एका नाचणाऱ्या धूलिकणापासून मांडावे, ही कल्पना मला फार आवडते; त्या ग्रंथातल्या आवडू शकणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक आहे.

पण न पाहिलेल्या यंत्रावर भित्तिपत्रक लिहिणे मला प्रशस्त वाटेना. न वाचलेल्या पुस्तकावर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांत भर कशाला घाला. आमच्या महाविद्यालयात ते यंत्र नाही. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका खाजगी तपासणी प्रयोगशाळेत आमची एक जुनी विद्यार्थिनी काम करते, ती दाखवील, असे सहकारी म्हणाले आणि त्यांनी तिचे नाव सांगितले. ते नाव ऐकून मी थोडा वेळ गप्प राहिले.

ती मुलगी २०१३ साली बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गात होती. विज्ञानशाखेच्या मुलांना द्वितीय भाषा म्हणून मी मराठी शिकवत असे. ती घनसावंगी तालुक्यातल्या एका खेड्यातून यायची, तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसायची आणि वर्षभरात वर्गात एकदाही बोलली नव्हती. प्रश्न विचारला तर उभी राहायची आणि जमिनीकडे बघायची. ते वर्ष जालना जिल्ह्याला विसरता येणार नाही. २०१२च्या पावसाने दगा दिला होता, टँकरच्या पाण्यावर मोसंबीच्या बागा जगवता जगवता माणसे कर्जात गेली आणि शेवटी पुष्कळांनी बागा तोडल्या. मी वर्गाला घरून निबंध लिहून आणायला सांगितला होता. विषय नेहमीचाच, 'मी विसरू न शकलेला दिवस'. तिने वडिलांनी बाग तोडली तो दिवस लिहिला होता. लिंबाएवढीच राहिलेली फळे, कुऱ्हाडीचा पहिला घाव घालायला कोणी तयार नसल्यामुळे गेलेली अर्धी सकाळ, आणि तोडलेल्या झाडाच्या पानांचा हाताला लागून राहिलेला वास, जो आई दोन दिवस राखेने घासत होती. बारा वर्षांनंतर मला हे इतके आठवते आहे, यावरून तो निबंध कसा होता ते कळावे.

मी तिला दहापैकी चार गुण दिले आणि वही परत करताना सगळ्या वर्गासमोर विचारले, "हे कुठून उतरवलंस?" ती काही बोलली नाही. उभी राहिली आणि जमिनीकडे बघत राहिली. ते मी कबुलीजबाब म्हणून घेतले. त्या वर्षानंतर तिचा माझा संबंध आला नाही. माझी चूक झाली असावी, हे पुढे केव्हातरी, हळूहळू, बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी वह्या तपासताना माझ्या लक्षात येत गेले. अमुक दिवशी लक्षात आले, असे सांगता येत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी गेले. जालन्याहून संभाजीनगरला जाताना चिकलठाणा रस्त्यावरच लागते. तिने वरिष्ठांची परवानगी काढून ठेवली होती. मला पांढरा कोट दिला, चपलांवर घालायला पिशव्या दिल्या, आणि बोलायला सुरुवात केली ती तासभर थांबली नाही. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी मी शोधत होते, पण ही बाई तिथल्या चार यंत्रांवर आणि दोन नवशिक्या मुलांवर हुकमत चालवत होती.

तिने मला जे समजावले ते असे. खडूच्या नळीच्या जागी आता वीतभर लांबीची पोलादी नळी असते, तिला कॉलम म्हणायचे. आत सिलिकाचे पाच-पाच मायक्रॉनचे दाणे ठासून भरलेले. त्यातून द्रव ढकलायला पंप लागतो आणि तो दोनशे-तीनशे वातावरणांएवढा दाब देतो. मिश्रणातला प्रत्येक पदार्थ त्या दाण्यांना आपापल्या स्वभावाप्रमाणे कमीजास्त चिकटत जातो, म्हणून कोणी आधी बाहेर पडतो, कोणी उशिरा. इथपर्यंत त्स्वेतचेच काम. पण त्याला पट्टे डोळ्यांनी दिसत होते. पोलादातून येणारे पाण्यासारखे थेंब कोण बघणार? त्यासाठी शेवटी शोधक बसवतात. नेहमीचा शोधक अतिनील प्रकाश टाकतो, आणि जो पदार्थ तो प्रकाश शोषून घेतो, तो त्याला दिसतो. बहुतेक औषधे शोषतात, त्यामुळे बहुतेक वेळा काम भागते.

"पण मॅडम, मोसंबीचंच घ्या," ती म्हणाली. उदाहरण तिने हेच घ्यावे, याचे मला बरे वाटले नाही. "रसातलं क जीवनसत्त्व त्याला दिसतं. रस काढून ठेवला की जो कडू होतो ना, तो कडवटपणा ज्याच्यामुळे येतो ते लिमोनिनही दिसतं. साखर दिसत नाही. रसात पाण्याच्या खालोखाल साखरच असते, पण ह्याच्या लेखी तिथं कोणी नाही."

साखर, चरबी, रिठ्याला फेस आणणारी आणि शतावरीत असणारी सॅपोनिने, जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके : ही सगळी मंडळी अतिनील प्रकाश फारशी शोषतच नाहीत. त्यांच्यासाठी हा दुसरा शोधक. तो थेंबाला प्रकाश दाखवण्याआधी त्याचा नायट्रोजनच्या झोताने बारीक फवारा करतो. तो फवारा तापलेल्या नळीतून जातो, द्राव उडून जातो आणि विरघळलेल्या पदार्थाची कोरडी धूळ तेवढी उरते. ती धूळ प्रकाशाच्या झोतातून जाते, झोत विखुरतो, आणि बाजूला बसवलेला डोळा विखुरलेला उजेड मोजतो. पदार्थाचा रंग कोणता, तो काय शोषतो, याच्याशी याला कर्तव्य नाही. तो वाळल्यावर मागे उरतो की नाही, एवढेच. ही रीत १९८०च्या दशकात प्रयोगशाळांत रुळू लागली. आता हे यंत्र दप्तराएवढ्या पेटीत मावते.

मी कवडसा बघायला म्हणून वाकले, तर पेटी बंद. "आत बाहेरचा उजेड गेला तर सगळंच बिघडेल," ती हसून म्हणाली. बघण्यासारखे जे होते ते संगणकाच्या पडद्यावर : एक सरळ रेघ, आणि तिच्यावर मधूनमधून उठणारे उंचवटे. त्यांना तिथे 'पीक' म्हणतात. "पहिलं पीक फ्रुक्टोजचं, मग ग्लुकोजचं, हे मागचं सुक्रोजचं. आज पीक चांगलं आलंय." इंग्रजी शब्द आहे हे मला कळत होते, तिलाही कळत होते, तरी घनसावंगीकडच्या बोलीत, त्या हेलात उच्चारलेला तो शब्द ऐकून मी तिच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हते. दिवसातून पन्नास वेळा वापरायचा शब्द तो, त्याच्याकडे कोण बघत बसते. मराठी शब्दांविषयी मी विचारले तेव्हा ती म्हणाली, इथे सगळे 'ईएलएसडी' म्हणतात आणि तेवढ्याने भागते. 'विखुरण' तिला बरा वाटला. 'वर्णलेखना'ला मात्र तिने हात जोडले.

आता माझ्या अंगचा दुर्गुण सांगायला हवा. साहित्याच्या माणसाला यंत्र दाखवले की त्याला रूपक दिसते. बसमध्ये बसल्यापासून माझ्या मनात एक मांडणी तयार होत होती, आणि तिच्यात १९८६चे जे.जे. रुग्णालय होते. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून रुग्णांना ग्लिसरॉल पाजले गेले, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते आणि १४ माणसे मेली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाचा अहवाल हा मराठी माणसाने शासनव्यवहाराचा नमुना म्हणून वाचावा असा दस्तऐवज आहे. मधल्या चाळीस वर्षांत आपण काय शिकलो, तर २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडची वीसहून अधिक मुले खोकल्याच्या औषधाने गेली. त्यांतली कितीतरी उपचारासाठी नागपूरला आणलेली होती. विष तेच. बिनरंगी, चवीला गोड, अतिनील प्रकाश न शोषणारे. नेहमीच्या शोधकाला न दिसणारे. म्हणजे हे जे पेटीतले यंत्र आहे, त्याने ते पकडले असते. न दिसणाऱ्याला दाखवणारा हा कवडसा तिथे असता तर... असे ते वाक्य मी जवळजवळ पूर्ण करत आणले होते. मी ते तिला बोलून दाखवले.

तिने मान हलवली. "नाही मॅडम. ह्यात ते बहुतेक सापडणार नाही. ते स्वतःच उडणारं आहे. द्रावाबरोबर तेही उडून जाईल, धूळ उरणारच नाही. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफी लागते, आणि ती परीक्षा तर ठरलेलीच आहे, पुस्तकात दिलेली आहे. न सापडायला यंत्र कारण नव्हतं. कोणी तपासलंच नव्हतं." मग नवशिक्या मुलांपैकी एकाला तिने कसल्यातरी द्रावणाबद्दल रागावून घेतले. त्याने उडून न जाणारा क्षार घातला होता आणि त्यामुळे पडद्यावरची रेघच वर चढली होती.

माझे रूपक तिथेच संपले. भित्तिपत्रकावर मी ते घातले नाही. तिने सांगितले तसेच, की हा शोधकही सगळे बघत नाही, असे लिहिले. आणखी एक गोष्ट तिने सांगितली ती मात्र जागेअभावी राहून गेली. या यंत्रात पदार्थ दुप्पट झाला म्हणून पडद्यावरचे पीक दुप्पट होत नाही. कणांचा आकार बदलला की विखुरण्याची तऱ्हाच बदलते. म्हणून आधी माहीत असलेल्या प्रमाणांची चार-पाच द्रावणे घालून यंत्राचा स्वभाव समजून घ्यायचा, त्याचा आलेख काढायचा, आणि मगच अनोळखी नमुन्याविषयी बोलायचे. "रोज?" मी विचारले. "रोज नवीन. कालचा आलेख आज चालत नाही," ती म्हणाली. आम्ही दर वर्षी जूनमध्ये नव्या वर्गात जातो तेव्हा कोणत्या वर्षीचा आलेख घेऊन जातो, हा विचार माझ्या मनात आला. पण रूपके करण्याचा माझा अधिकार नुकताच काढून घेतला गेला होता, म्हणून मी तो बोलून दाखवला नाही.

संध्याकाळी ती मला स्कूटीवरून जालना रस्त्याच्या थांब्यावर सोडायला आली. बस यायला वेळ होता. वडिलांची चौकशी केली. त्यांनी पुन्हा मोसंबी लावली आहे, शंभर झाडे, शेततळ्यावर. धाकटा भाऊ बघतो. जालन्याच्या मोसंबीला आता भौगोलिक मानांकन आहे, त्याचा भाव मिळायला काही उपयोग होतो का, असे मी विचारले. ती म्हणाली, बागवान येतो आणि तो सांगेल तो भाव. मग बोलायला काही उरले नाही, आणि ज्यासाठी मी खरे म्हणजे आले होते ते मला बोलावे लागले. मी म्हणाले, "अगं, पहिल्या वर्षाला असताना तुझ्या निबंधाला मी..."

"आठवतंय," ती म्हणाली.

मी म्हणाले की माझे चुकले. तू तो स्वतः लिहिला होतास हे मला तेव्हाच कळायला हवे होते. आणि वर्गासमोर तर मुळीच विचारायला नको होते. हे मी वाक्यांत नीट सांगितले की तुटक, ते आता आठवत नाही. शेजारून ट्रक जात होते.

ती थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली. जमिनीकडे नाही. मग म्हणाली, "लई रडले होते मॅडम त्या दिवशी. पण एक सांगू का? शेवटचा परिच्छेद गाइडातलाच होता. संकटांना न डगमगता, असं काहीतरी. बाकीचं माझं होतं. शेवट मला करताच येईना, म्हणून तेवढा उतरवला."

बस आली. तिने माझी पिशवी वर दिली, करमाडपर्यंत गर्दी राहील, नंतर बसायला मिळेल, असे सांगितले. करमाडला मला जागा मिळाली आणि खिडकीशी बसल्यावर ती वही डोळ्यांसमोर आली. पहिली दोन पाने मी लाल रेघांनी भरून टाकली होती. शेवटच्या परिच्छेदाशेजारी समासात लिहिले होते : 'समारोप चांगला.'